मोड

बाबा राणीचे केस कोरायचे.
सगळी राणी नाही. चेहरा दुसऱ्याकडे,
मुकुट तिसऱ्याकडे.
बाबांकडे कपाळापासून कानाच्या पाळीपर्यंत,
आणि एकदा, कुणीतरी आजारी पडलं म्हणून,
डाव्या डोळ्याखालची सावली.

पोलादाच्या पत्र्यावर, भिंगाखाली, उलटी.
दिवसाला नखाएवढं काम.
चुकलं तर पुसता येत नाही,
एवढंच ते घरी सांगत.
आम्ही शाळेत सांगायचो, बाबा छापखान्यात आहेत.

दर काही वर्षांनी वरून निरोप यायचा:
राणी थोडी म्हातारी करा.
थोडीच.
किती सुरकुत्या चालतील, यावर बैठक बसायची म्हणे.
त्याच सुमाराला आईच्या केसांत पहिली पांढरी बट आली.
तिच्यावर बैठक बसली नाही.

मग एका सप्टेंबरात राणी गेली.
बाबा बूट न काढता टीव्हीसमोर बसून राहिले.
त्याच महिन्याच्या अखेरीला शेवटच्या कागदी नोटाही बंद व्हायच्या होत्या,
तारीख आधीच ठरलेली.
बाबांचे केस होते ते कागदावर.
प्लॅस्टिकवरची राणी त्यांची नव्हे,
ती आली तेव्हा बाबा बागेत वाटाणे लावत होते.

राजाच्या नोटा यायला पावणेदोन वर्षं लागली.
जुन्या रद्द झाल्या नाहीत.
मळतील, झिजतील, तशा जातील, असं ठरलं.
तोवर गल्ल्यात आई आणि मुलगा
एकमेकांवर पालथे.

ओझानच्या भाजीच्या दुकानात
आईने सुटे घेतले, आणि दहाची नोट परत केली.
"हा कोण?"
"राजा," ओझान म्हणाला.
"आपल्याकडे राणी असते,"
आई म्हणाली, अगदी नीट, रागावून नव्हे,
आणि नोट बटाट्यांवर ठेवली,
मी लहानपणी तिला दुकान-दुकानमधले पैसे द्यायचे
तेव्हा ठेवायची तशी.
तेव्हा निदान ती हसायची.

माझं नाव रोवेना. आता ती रो म्हणते,
काही दिवस तेही नाही.
राणी मात्र पूर्ण आठवते.

बाबा मागे पिशवी धरून उभे होते.
एकतीस वर्षं त्यांनी एकाच गोष्टीसाठी डोळे फोडले:
माणसाने नोट न बघता घ्यावी.
आईने बघितली.

तेव्हापासून दर शनिवारी, आई उठायच्या आत,
बाबा दुकानात जातात.
राजा देतात, राणी घेतात.
दहाला दहा, विसाला वीस. कुणाचा फायदा नाही.
ओझान त्यांच्यासाठी आठवडाभर बाजूला काढतो,
कोथिंबिरीच्या रबरात गुंडाळून, तराजूखाली.
याला मोड म्हणत नाहीत,
पण मला दुसरा शब्द सापडलेला नाही.

पहिल्या शनिवारी चौदा होत्या.
मग नऊ. मग पाऊस होता, बाबा गेलेच नाहीत.
परवा तीन,
त्यांतल्या एकीचं कपाळ घासून पांढरं पडलेलं.
"लोक आता कार्डच दाखवतात," ओझान म्हणाला,
जणू त्याचीच चूक.

आई पाकीट उघडते, मोजते, बंद करते.
परत उघडते.
अंगठा केसांवरून फिरवते, गुळगुळीत प्लॅस्टिकवरून,
आणि बाबांना सांगते, "छान बसवलेत हो केस."
बाबा मान डोलावतात.
माझे नव्हेत, असं म्हणत नाहीत.

काल रात्री पाणी प्यायला उठले तर
स्वयंपाकघरात दिवा.
बाबा, भिंग, आणि टेबलावर एक नवी नोट,
कोपरे मीठदाणीने आणि बशीने दाबलेले.
मी दारातच थांबले.
बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाले,
"कान चांगला जमलाय पोरांना."

मग उजवा हात टेबलावर पालथा ठेवून
तो थरथरायचा थांबेपर्यंत
बघत बसले.